उन्हाळा, धूळ आणि संगणकाचा पंखा

महोदय,

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे गेला, की पत्र्याच्या छपराखालच्या ऑनलाइन अर्ज केंद्रांतील संगणक मध्येच बंद पडू लागतात आणि दोष सर्रास विजेवर किंवा व्हायरसवर ढकलला जातो. परभणीतील माझ्या छोट्या केंद्रातही गेल्या उन्हाळ्यात हेच घडले. दुरुस्तीवाल्याने विंडोज पुन्हा टाकून पैसे घेतले, फरक मात्र काडीचाही पडला नाही. सुरू होताना पडद्यावर येणारा पंख्याचा इशारा मी रोज एफ१ दाबून पुढे ढकलत होतो, ही चूक माझीच. अखेर बायोस (विंडोज सुरू होण्याआधीचा, संगणकाच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडले, तेव्हा काहीही काम चालू नसताना प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, ८८ अंशांवर होता आणि पंख्याच्या फेऱ्यांपुढे शून्य होते. झाकण काढल्यावर पात्यांत अडकलेली एक वायर आणि प्रोसेसरची उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या हीटसिंकवर कापसाच्या तुसाचा, धुळीचा गोधडीसारखा थर दिसला. वीज तोडून, पंखा बोटाने धरून ब्रशने साफ केला, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळली होती, ती बदलली आणि आकडा ५४ वर आला. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास बहुतेक प्रोसेसर वेग कमी करतात आणि तरीही तापत राहिल्यास संगणक बंद होतो. खोलीच जिथे ४२ अंशांवर असते, तिथे साध्या पंख्याने प्रोसेसर त्याहून थंड होणे शक्य नाही. म्हणून शाळा व ग्रामपंचायतींच्या वार्षिक देखभाल करारात मार्चमधील सफाई आणि तापमानाची लेखी नोंद सक्तीची करावी, ही विनंती.

आपला,
एक केंद्रचालक, परभणी