सूचना : हंगामी पास्ता व वाइन वर्ग

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या वर्गात कोवळा मटार आणि अ‍ॅस्परॅगस घालून ताजा पास्ता करावयाचा असल्याने प्रत्येकाने १०० ग्रॅम मैद्यास एक अंडे या प्रमाणात पीठ घरीच घट्ट मळून, झाकून, अर्धा तास मुरवून आणावे. पास्ता शिजवलेले पाणी कृपया ओतून देऊ नये. त्यातील स्टार्चमुळेच लोणी आणि चीज एकजीव होऊन सॉस पास्त्याला धरतो. (गेल्या वेळी ते सारे मोरीत गेले आणि सॉस फुटला तो फुटलाच.) अ‍ॅस्परॅगसबरोबर रेड वाइन बहुधा कडवट लागते, म्हणून या वेळी थंड केलेली सोव्हिन्यों ब्लाँ ही व्हाइट वाइन ठेवली आहे. वाहन चालविणाऱ्यांनी ती चाखू नये.