रात्रीच्या कयाकला परवाना द्या, पण पंचांग बघून

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सिंधुदुर्गातील खाड्यांमध्ये रात्रीच्या कयाक फेऱ्यांसाठी स्वतंत्र नियम करण्याबाबत

महोदय,

देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली खाडी आणि दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र अशी वाळूची अरुंद पट्टी, हे आपल्याला सांगायला नको. तारकर्ली-देवबागला न आलेले पर्यटन मंत्री विरळाच. मी याच पट्टीवर राहतो आणि खाडीत कयाकच्या सफरी नेतो. जेट स्की नाही, बनाना राइड नाही, नुसतं वल्हं. गेल्या काही हिवाळ्यांत आमच्याकडे येणाऱ्या फोनवरचा पहिला प्रश्न बदललाय. पूर्वी लोक डॉल्फिन दिसतात का विचारायचे. आता विचारतात, "ते पाणी चमकतं, ते कधी बघायला मिळेल?"

पाणी चमकतं ते इथल्या मच्छीमाराला नवं नाही. थंडी पडायला लागली की रात्री ओढलेलं जाळं कधी कधी उजळून निघतं, आणि त्याला त्याचं कौतुक नसतं, कारण जाळं उजळलं की माशालाही ते दिसतं आणि मासा वळतो. शहरी माणसाला ही गोष्ट कळली ती फोनमुळे. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूला निळ्या लाटांचे व्हिडिओ फिरले आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याचा व्हिडिओ येतोच. आपल्याकडे हा उजेड बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय प्लवंगाचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवाचा असतो. आकार जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर. पाणी ढवळलं, की त्याच्या पेशीत ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज यांची रासायनिक क्रिया होते आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ तो लुकलुकतो. असे लाखो जीव एकदम लुकलुकले की लाट पेटल्यासारखी दिसते.

मागणी आहे, त्यामुळे फेऱ्या सुरू झाल्यात. उघड जाहिरात करून नव्हे, हॉटेलच्या मागच्या दाराने, "सर, रात्री स्पेशल आहे, बघायचंय का?" अशा पद्धतीने. आमच्या परवान्यांच्या अटी दिवसाउजेडीचा खेळ डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यात. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणीची पद्धत बसवली, ते चांगलंच झालं. पण अंधारात, दिवे मालवून, मुद्दाम काळोख शोधत पाण्यात उतरायचं हा प्रकार वेगळा आहे आणि त्याच्यासाठी वेगळं काही लिहिलेलं आमच्या हातात नाही. म्हणून जो नियम पाळतो तो रात्री घरी बसतो, आणि जो पाळत नाही तो कमावतो. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. ती दिवसाढवळ्या घडलेली गोष्ट होती. रात्री तसं काही झालं, तर कोण कुठे वाहत गेलं हे कळायलाच पहाट उजाडेल.

आता धोका नेमका कशात आहे ते सांगतो, कारण मंत्रालयात बसून तो दिसणार नाही. शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हिवाळ्यात रात्र चढते तसा तो जोर धरतो. किनाऱ्याजवळ पाणी सपाट, शांत दिसतं, आणि नवख्या माणसाला वाटतं आज काही भीती नाही. पण हलकी कयाक वाऱ्याने हळूहळू बाहेर सरकत असते आणि अंधारात किनारा लांब गेल्याचं लक्षात येत नाही. त्यातच ओहोटी असेल तर खाडीचं सगळं पाणी संगमाकडे, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिकडे धावतं. संगमावर वाळूचे दांडे आहेत, दर पावसाळ्यात जागा बदलतात, त्यांच्यावर लाटा फुटतात. वारा आणि ओहोटी दोन्ही एका दिशेला, म्हणजे समुद्राकडे.

मागच्या हिवाळ्यात एका रिसॉर्टची पोरं पाहुण्यांना घेऊन वद्य अष्टमीच्या सुमारास अशीच निघाली. चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवणार नव्हता, म्हणजे काळोख भरपूर, एवढाच हिशेब त्यांनी केला होता. अष्टमीला भरती संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण होते आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत ओहोटी, हा हिशेब केला नव्हता. दोन कयाक संगमाकडे जायला लागल्या. नशिबाने जाळी टाकायला निघालेली होडी जवळ होती, तिने दोर टाकून ओढून आणलं. होडीवरच्या म्हाताऱ्याने पोरांना शिव्या घातल्या आणि शेवटी एवढंच म्हणाला, "जाताना भरती बघूक व्हयी, येताना वारो." या पत्रातली अर्धी मागणी त्या एका वाक्यात आली.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला लहान पोरालाही येते. तिथीची पाऊणपट करायची. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, अमावास्येला सव्वाअकरा. त्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळीही आणि रात्रीही; खाडीगणिक थोडं मागेपुढे. आता हेच गणित रात्रीच्या सफरीला लावून बघा. वद्य द्वादशीपासून अमावास्येपर्यंत संध्याकाळी सात ते नऊ पाणी चढतं असतं. म्हणजे प्रवाह खाडीच्या आत येतो. कुणाचं वल्हं हातातून सुटलं तरी कयाक गावाकडे येते, समुद्राकडे जात नाही. शुद्ध द्वितीयेपर्यंत हे जमतं. आकाशात चंद्र नाही किंवा नखाएवढा आहे, तोही लवकर मावळतो. शिवाय हा प्लवंग खाऱ्या पाण्याचा. नदीचं गोडं पाणी उतरत असताना खाडीत उजेड फिका पडतो, भरतीबरोबर समुद्राचं पाणी आत आलं की वाढतो. ज्या रात्री बघायला उत्तम, त्याच रात्री त्यातल्या त्यात सुरक्षित. असा योग सहसा मिळत नाही, तो सरकारने फुकट घालवू नये.

तेव्हा पहिली आणि मुख्य मागणी ही, की रात्रीचा परवाना सरसकट देऊ नका. वर्षभरासाठी तर नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातल्या या पाच-सहा रात्री, चढत्या पाण्याचेच तास, आणि संगमाच्या आत, खाडीतच. भरतीचा तक्ता छापील मिळतो. बंदर कार्यालयाने प्रत्येक खाडीसाठी मोसमाच्या सुरुवातीला तारखा आणि वेळा फलकावर लावाव्यात. त्याबाहेर कुणी कयाक काढली तर ती जप्त करा, आम्ही हरकत घेणार नाही. (अमावास्येला कोकणी माणूस उंबरठा ओलांडत नाही असा समज आहे. आमच्याकडे बुकिंग मात्र नेमकं त्याच रात्रीचं मागतात.)

असा नियम असला की पूर्ण दिवसाची सफर कशी बसते तेही सांगतो. अमावास्येच्या आसपास सकाळी आठला भरतीबरोबर आत जायचं. वल्हं नुसतं दिशेला लागतं. दोन्ही काठांना तिवर आणि चिपी ही कांदळवनाची झाडं, चिखलावर निवट्या मासे उड्या मारताना दिसतात, वर ब्राह्मणी घार, नशीब असलं तर पाणमांजरांचं कुटुंब. अकराच्या सुमाराला पाणी थांबतं, तेव्हा काठावरच्या एखाद्या घरी जेवण. दुपारी ओहोटीबरोबर परत. मग झोप काढायची. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, पण सव्वासातपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, कारण तोवर काळोख पुरा होत नाही. फोन गाईडकडे जमा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका माणसाने एकदा स्क्रीन उघडली की सगळ्यांचीच ती वीस मिनिटं वाया.

मग कुणीतरी पहिल्यांदा वल्हं मारतो. पात्याच्या मागे हिरवट-निळा भोवरा उठतो आणि विझतो. वल्हं वर उचललं की दांड्यावरून ओघळणारे थेंब पाण्यात पडतात तिथे ठिणगी ठिणगी दिसते. कयाकखालून एखादा शेवटा मासा सुळकन गेला तर तो दिसत नाही, त्याने काढलेली रेघ दिसते. बडबडी माणसंसुद्धा इथे गप्प होतात. आणि काही रात्री यातलं काहीच होत नाही. प्लवंग आहे तर आहे, नाही तर नाही. हे मी पाहुण्यांना आधी सांगतो आणि त्यामुळे माझी काही बुकिंग जातात, कारण शेजारच्या जाहिरातीत समुद्र निळ्या ट्यूबलाइटसारखा पेटलेला असतो. तो फोटो कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला असतो, डोळ्यांना तसं कधीच दिसत नाही. पर्यटन खात्याच्या स्वतःच्या जाहिरातीत तरी असे फोटो येऊ नयेत आणि "हमखास दर्शन" म्हणून पैसे घेणाऱ्याची नोंदणी रद्द व्हावी.

जगात हे आधी झालेलं आहे, त्यामुळे आपण अंधारात चाचपडायची गरज नाही. पोर्तो रिकोतल्या व्हिएकेस बेटावरच्या मॉस्किटो बे या खाडीला गिनीजने जगातली सर्वांत तेजस्वी जैवदीप्त खाडी म्हटलंय. तिथे पाण्यात उतरून पोहायला बंदी आहे, अंगावरचं सनस्क्रीन आणि डासांचं मलम पाण्यात मिसळतं म्हणून. इंधनावर चालणाऱ्या बोटी नाहीत. परवानाधारक गाईडबरोबर कयाकने जायचं. आपल्याच देशात अंदमानच्या स्वराजद्वीपावर रात्रीच्या कयाक सफरी चालतात. दुसरी मागणी म्हणून एवढंच : ज्या रात्री, ज्या खाडीत कयाकला परवानगी, त्या वेळेत तिथे पर्यटनाची इंजिनाची बोट नको आणि पाण्यात उडी नको. एका गाईडमागे किती कयाक हे तारकर्लीच्या एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेतल्या प्रशिक्षकांना विचारून ठरवा. माझं मत, चारच्या वर नाहीत. गाईडची परीक्षा अंधारातच घ्या : उलटलेली कयाक रात्री सरळ करून दाखव म्हणावं. प्रत्येक जॅकेटला शिट्टी. आणि दिव्यावरून कुणी अधिकारी अडून बसलाच, तर समुद्रात टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वल्ह्याच्या नावेने पांढरा प्रकाश देणारी विजेरी हाताशी ठेवून वेळेत दाखवली तरी चालतं. म्हणजे काळोख ठेवूनही कायदा पाळता येतो.

२००८ नंतर किनाऱ्यावर रात्री हलणारी प्रत्येक गोष्ट संशयाची झाली आणि ती तशी असायलाही हवी. निघताना आणि परतल्यावर सागरी पोलिसांना कळवणं परवान्याची अट करा. सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन नंबर आम्हाला पाठ आहेत, पाहुण्यांनाही पाठ करून घेऊ.

एक गोष्ट मात्र आपल्या खात्यानेच बिघडवत आणली आहे. सुशोभीकरण म्हणजे हायमास्ट, हे समीकरण किनाऱ्यावर कुठून आलं कळत नाही. एका हायमास्टने अर्धा किनारा पांढराफटक होतो. प्लवंगाचा उजेड तर दिसत नाहीच, पण याच महिन्यांत वायंगणी, तांबळडेगसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं उजेडाकडे, म्हणजे चुकीच्या दिशेला चालायला लागतात. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. निदान त्याच्या आसपास तरी दिवे खाली वळवा, पिवळे करा, दहानंतर बंद करा. याला निधी लागत नाही, उलट वीजबिल वाचतं.

मच्छीमारांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आणि गळ-जाळीवाल्यांचं पाणी आहे ते. जाळं कुठे पसरलंय हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि अंधारात कयाक जाळ्यात अडकली तर जाळंही फाटतं आणि डोकीही. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर स्वतः वल्हवून नेतात. त्या मच्छीमार घरांतल्याच. रात्रीच्या परवान्यात पहिला हक्क अशा गटांचा असावा, बाहेरून येऊन हंगामापुरती जागा भाड्याने घेणाऱ्याचा नव्हे. घरोघरच्या निवास-न्याहारीलाही याचा फायदा आहे. रात्री नऊला पाण्यातून बाहेर आलेला माणूस मुक्काम करतोच. आणि अमावास्या शनिवार-रविवार बघून येत नाही, त्यामुळे गर्दी आठवड्यात पसरते.

राहता राहिलं विज्ञान. उत्तर अरबी समुद्रात गेल्या दोन-अडीच दशकांत हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड थर पसरायला लागलेत आणि शास्त्रज्ञ त्याचा संबंध कमी प्राणवायूच्या आणि तापत्या पाण्याशी जोडतात. मासे हे सहसा खात नाहीत; अन्नसाखळीच बदलते. म्हणजे पर्यटक ज्याला "वॉव" म्हणतो, तो मच्छीमाराला आजाराचा ताप असू शकतो. प्रत्येक फेरीनंतर गाईडने तारीख, वेळ, पाण्याचा रंग आणि उजेड होता की नव्हता एवढं वहीत लिहावं आणि ती वही महिन्याला गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे जावी. आमचा वेळ पाच मिनिटं जाईल. त्यांना मात्र एवढ्या लांब किनाऱ्यावरून दर अमावास्येची नोंद आपसूक मिळेल.

पावसाळ्यात बंद झालेला जलपर्यटनाचा हंगाम १ सप्टेंबरला उघडतो आणि उजेडाचा मोसम नोव्हेंबरात. नियम करायला मधले दोन महिने पुरतात. त्यासाठीची बैठक मंत्रालयात न घेता मालवणच्या बंदर कार्यालयात घ्यावी आणि रापणकर, कयाकवाले, बचत गट, वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि सागरी पोलीस यांना एकत्र बोलवावं. ऑक्टोबरात मासेमारी जोरात असते, त्यामुळे बैठकीची वेळ सकाळी दहाची ठेवू नये. दुपारी चारला सगळे होड्या लावून मोकळे असतात.

आपला,
देवबागचा एक कयाक गाईड
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग