प्रमाणपत्र म्हणजे सनद नव्हे

महोदय,

बारावीचे आणि इंजिनिअरिंगचे निकाल लागले की 'आयपी अँड टेक्नॉलॉजी लॉ'च्या, म्हणजे बौद्धिक संपदा आणि तंत्रज्ञान कायद्याच्या, ऑनलाइन कोर्सच्या जाहिरातींना ऊत येतो. सहा आठवडे, एक प्रमाणपत्र, झाला वकील, असा एकूण सूर. कोर्स जरूर करावा. पण त्याने वकिलीची सनद मिळत नाही आणि पेटंट एजंटचा, म्हणजे अशिलासाठी पेटंटचे अर्ज तयार करून चालवणाऱ्याचा, नोंदणी क्रमांकही मिळत नाही. या क्षेत्रात रोज काम करणारे आम्ही काही जण हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण पदवी चुकली की मागे फिरणे महाग पडते.

पेटंट कायद्याच्या कलम 126 प्रमाणे एजंट होण्यासाठी भारतीय नागरिकत्व, वयाची 21 वर्षे पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. मग पात्रता परीक्षा. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षांचे बीए-एलएलबी केलेला मुलगा वकील होतो, पेटंटच्या सुनावणीला उभाही राहू शकतो, पण या परीक्षेचा अर्ज त्याला भरता येत नाही. बीएस्सी किंवा बीई करून मग तीन वर्षांचे एलएलबी केले तर दोन्ही दारे उघडी राहतात. परीक्षेत 100 गुणांचे दोन पेपर आणि 50 गुणांची तोंडी असते. प्रत्येक पेपरात किमान 50 आणि एकूण 60 टक्के हवेत. ती दरवर्षी होतेच असे नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर एक वर्ष रिकामे ठेवू नये. ट्रेडमार्कला मात्र सनद पुरते, विज्ञानाची अट नाही. आणि कंपनीच्या लीगल विभागात पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर सनद स्थगित करावी लागते. हे बहुतेकांना नोकरी लागल्यावरच कळते.

या कामात चुका होतात त्या बहुधा कायद्याच्या अज्ञानाने नव्हे, तर तारखांनी. ट्रेडमार्क अर्जाच्या तपासणी अहवालाला 30 दिवसांत उत्तर द्यायचे असते. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्धी झाली की चार महिने हरकतीचे. हरकतीची नोटीस मिळाली की दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे हरकतीला लेखी उत्तर, दाखल करायचे, नाहीतर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. इथे मुदतवाढ नाही. नोटीस येते ई-मेलवर, आणि तो पाठवला की बजावणी झाली, असे नियम म्हणतो. त्यावर हायकोर्टात वाद झाले आहेत, पण अशिलाचा ब्रँड अशा वादात कोणी अडकवू नये. अर्जावर ज्युनिअरचा वैयक्तिक ई-मेल घातला आणि तो ज्युनिअर सोडून गेला, की नोटीस उघडणारे कोणी उरत नाही. ऑफिसचा सामाईक पत्ता द्यावा, स्पॅम रोज पाहावा, दर सोमवारी जर्नल चाळावे. पेटंटमध्ये तात्पुरत्या अर्जानंतर 12 महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे सविस्तर लेखी वर्णन, द्यायचे. तपासणीची विनंती आता 31 महिन्यांत करायची. 15 मार्च 2024 पूर्वीच्या अर्जांना जुने 48 महिने. दोन्ही हिशेब एकाच डायरीत चालतात, आणि घोळ तिथेच होतो.

'टेक्नॉलॉजी लॉ' म्हटले की लोकांना एआय आठवते. प्रत्यक्षात टेबलावर असतो करार. समजा, पुण्यातल्या एका स्टार्टअपने फ्रीलान्सरकडून ॲप बनवून घेतले. पैसे दिले, बिल घेतले, ई-मेलमध्ये 'सर्व हक्क कंपनीचे' असे लिहिले. कर्मचाऱ्याने नोकरीच्या ओघात लिहिलेला कोड वेगळा करार नसेल तर मालकाचा. फ्रीलान्सरचा कोड त्याचाच राहतो, जोवर तो सहीनिशी लेखी हस्तांतर करत नाही. लेखी केले तरी कॉपीराइट कायद्याचे कलम 19 वाचावेच लागते: मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाच वर्षांपुरते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते, आणि हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत जातो, तसे नको असेल तर करारात स्पष्ट लिहावे लागते. गुंतवणूकदाराचा वकील सगळ्यात आधी हेच कागद मागतो. तेव्हा फ्रीलान्सर कॅनडात असतो आणि सहीची किंमत वाढलेली असते. तीन ओळींचे काम होते ते.

इंजिनिअरिंगच्या मुलांबाबत वेगळीच अडचण येते. प्रोजेक्ट आधी प्रदर्शनात मांडतात, व्हिडिओ टाकतात आणि मग पेटंटला येतात. जे आधीच उघड झाले ते नवे उरत नाही. कायद्यात 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांना. कॉलेजचे गॅदरिंग त्यात बसत नाही. शिवाय नुसत्या संगणक प्रोग्रॅमला आणि अल्गोरिदमला कलम 3(के) आडवे येते. त्यामुळे यंत्रणेत तांत्रिक फरक नेमका काय पडला, हे क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या वाक्यांत, लिहिता येणे हीच खरी कारागिरी, आणि ती व्याख्यान ऐकून येत नाही. दहा स्पेसिफिकेशन लिहावीत, जाणकाराने त्यांवर लाल पेन चालवावे, तेव्हा कुठे हात बसतो. कोर्सची फी भरण्याआधी पालकांनी संस्थेला एवढेच विचारावे: परीक्षेच्या पेपर दोनसाठी, म्हणजे स्पेसिफिकेशन लिहिण्याच्या पेपरसाठी, मुलांनी लिहिलेला मसुदा तपासणार कोण, आणि तो स्वतः पेटंट एजंट आहे का?

– काही पेटंट एजंट व वकील, पुणे