परतीची चिठ्ठी कोण लिहिणार?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

दवाखाने, लॅब, मोठी हॉस्पिटलं सगळ्यांचं मिळून नेटवर्क करायचं असं हल्ली बरंच वाचायला मिळतं, मनापासून पटतं, पण करारावर सह्या झाल्या आणि एक अ‍ॅप आलं की नेटवर्क झालं असं कुणी धरून चालू नये म्हणून हे पत्र.

माझ्या आईला मोठ्या हॉस्पिटलमधून डिस्चार्ज देताना बीपीची नवीन गोळी सुरू केली. घराजवळच्या डॉक्टरांची जुनी गोळी चालूच होती, आणि दोघांचं एकमेकांशी काही बोलणंच झालेलं नव्हतं. आठवड्याभरात आई चक्कर येऊन बाथरूममध्ये पडली. मग दोन्ही स्ट्रिपा उजेडात धरून मागचं बारीक अक्षर वाचलं तर ब्रँडची नावं वेगळी आणि आतलं औषध एकच, अ‍ॅम्लोडिपिन! दोन्ही डॉक्टर चांगले आहेत हो, पण डिस्चार्जनंतर पेशंट नेमका कुणाचा हेच ठरलेलं नव्हतं.

हे जमू शकतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरांनी २००३ साली हेपटायटिस सी या लिव्हरच्या आजारासाठी 'इको' नावाचा उपक्रम सुरू केला, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी युनिव्हर्सिटीचे तज्ज्ञ आणि लांबच्या भागातले डॉक्टर व्हिडिओवर एकेका केसवर बोलायचे, उपचार मात्र त्या स्थानिक डॉक्टरकडेच. २०११ च्या अभ्यासात युनिव्हर्सिटी क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के पेशंट बरे झाले आणि या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के, म्हणजे बरोबरीनेच. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पेशंट त्या डॉक्टरकडेच राहिला, कारण 'मोठे लोक आपले पेशंट पळवतात' ही धास्ती असेपर्यंत छोटा दवाखाना मनापासून जोडला जाणारच नाही.

रेफर करताना नुसतं 'पुढील उपचारासाठी' लिहून भागत नाही, काय शंका आहे, काय औषधं चालू आहेत ते हवं. आणि परत पाठवताना कुठली गोळी नवीन, कुठली बंद, अडलं तर फोन कुणाला करायचा, एवढं एका पानावर थेट घराजवळच्या डॉक्टरकडे पोचायला हवं. हे काम कुणाच्या तरी ड्युटीत धरा, त्याचा पगार द्या, नाहीतर रात्रभर जागलेला रेसिडेंट डॉक्टर ते कधी लिहिणार?

आई आता बरी आहे, पण तिच्या गोळ्यांची वही अजून मीच घेऊन दोन्हीकडे दाखवत फिरते.

आपली,
एक वाचक