गॅलरीतल्या मामांना

मामा,

सोमवारी चावी द्यायला आलो तेव्हाच बोलणार होतो. पण तुम्ही शिडीवर चढून दिव्यांची तोंडं फिरवत होता, पुढच्या प्रदर्शनाची पोरं खालून "अजून डावीकडं, मामा" करत होती, आणि मी तसाच परत फिरलो. खरं सांगायचं तर शिडीचं निमित्त झालं. समोर उभं राहून आभार मानणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. त्या संध्याकाळी गॅलरीत दोनशेवर माणसं होती आणि तुम्ही काय केलंत ते त्यातल्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. आमच्या कॉलेजच्या गॅलरीत जानेवारीत सिरॅमिक्सचं प्रदर्शन होतं आणि शनिवारी संध्याकाळी त्यालाच जोडून मेस फंडासाठी, म्हणजे ज्यांना दोन वेळची मेस परवडत नाही त्यांच्या जेवणासाठी, निधी गोळा करायचा होता. कल्पना आमची नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन हार्टम आणि लिसा ब्लॅकबर्न या दोघांनी 'एम्प्टी बोल्स' सुरू केलं. मातीकाम करणाऱ्यांनी वाडगे करायचे, येणाऱ्यांनी पैसे देऊन त्यात साधं सूप प्यायचं आणि रिकामा वाडगा घरी न्यायचा. तो फडताळात दिसला की आठवावं, कुणाचा तरी वाडगा आज रिकामाच आहे. आम्ही सूपच्या जागी हुलग्याचं कढण ठेवलं, पावाच्या जागी भाकरी, एवढाच फरक.

पुण्यात एक वेळची मेस लावणारी पोरं किती आहेत, हे कुठल्याही मेसवाल्या काकूंना विचारा. दुपारी पोटभर जेवायचं आणि रात्री वडापाव, नाहीतर पाणी पिऊन लवकर झोपायचं. मी त्यातलाच. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाबांच्या हातात चार हजारही नीट पडले नाहीत. तर मेस फंडाच्या यादीत आम्ही पाच जण होतो, आणि त्या पाचांतले तिघं सिरॅमिक्सच्या वर्गातले. म्हणजे ज्यांच्यासाठी पैसे गोळा करायचे त्यांनीच वाडगे केले होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

तीन महिने चाकावर बसलो. सोळा सेंटिमीटरचा केलेला वाडगा वाळून, भाजून चौदावर येतो, तेव्हा प्रत्येक वाडगा मनातल्यापेक्षा मोठा करायचा. पहिली भाजणी हजार अंशांच्या आतबाहेर, मग ग्लेज, म्हणजे काचेसारखा लेप, मग बाराशेच्या वर. एकशेऐंशी वाडगे भट्टीत गेले. अकरांचं ग्लेज ओघळून फळीला चिकटलं. ते आमचं शिक्षण.

उरलेले गॅलरीत आणले त्या दुपारी तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि एकेक वाडगा डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या हाताच्या नखानं टिचकी मारायला लागलात. टण्ण. टण्ण. टण्ण. मध्येच एक ठप्प. तो बाजूला. आम्ही हसत होतो. मी म्हणालो, "मामा, गोरोबाकाका झालात की." त्यांचं तेर आमच्यापासून सात-आठ मैलांवर. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट आमच्याकडं पोरांना दुधाबरोबर पाजतात. शाळेची सहलही दरवर्षी तेरलाच, लामतुरे संग्रहालयात. तिथल्या सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या काचेतून बघतच मला पहिल्यांदा वाटलं होतं की मातीचं काहीतरी करावं. असो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "डोकं न्हाई तपासत. वाडगाच तपासतुय." आणि सात वाडगे काढलेत. उजेडात धरून बघितले तर सातही वाडग्यांना केसाएवढी चीर. चूक आमची. घाईत भट्टीचं झाकण सहाशे अंशांवर असतानाच फटीएवढं उघडलं होतं. ५७३ अंशांला मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारेचा कण, आपली बैठक बदलतो, तिथं सावकाश उतरायचं असतं, हे परीक्षेत लिहून आम्ही मार्क घेतलेत. तुम्ही ते कधी वाचलं नसणार. तुम्हाला नुसतं ऐकू आलं. एकशेबासष्ट उरले. ते सात तुम्ही मागून घेतलेत, त्यात गॅलरीच्या मागच्या खिडकीत आता धने पेरलेत.

आता ज्याच्यामुळं हे सगळं लिहावं लागतंय ते.

मागच्या वर्षीही आम्हाला मदत झाली होती. एका संस्थेनं पाच महिन्यांचे मेसचे पैसे दिले. नाव लिहीत नाही, पैसे खरेच दिले त्यांनी आणि त्या पैशांचं मी जेवलोय. पण त्याआधी अर्ज, दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, 'माझी परिस्थिती' या विषयावर पानभर स्वहस्ताक्षरात. हे निबंध वाचून कुणाची परिस्थिती जास्त वाईट ते कसं ठरवत असतील, मार्क देत असतील का, देव जाणे. आणि शेवटी गॅलरीबाहेरच्या पॅसेजमध्ये आम्हाला ओळीत उभं करून हातात पुठ्ठ्याचा भलामोठा चेक. वर बॅनर: गरजू व होतकरू विद्यार्थ्यांना मदत. 'होतकरू' हा शब्द तेव्हापासून कुणी उच्चारला तरी माझ्या पोटात गोळा येतो. तो फोटो दोन दिवसांत फिरत फिरत गावच्या ग्रुपवर गेला. बाबांनी तो हॉटेलात चार माणसांत बघितला, दुसऱ्याच्या फोनवर. तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी केला आणि एवढंच म्हणाले, "कमी पडत हुतं तर मला सांगायचं होतंस." मी काय बोलणार? त्यांना सांगून काय झालं असतं, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्या फोटोच्या वेळी पॅसेजमधल्या खुर्च्या उचलायला तुम्ही होता, मामा. तुम्ही बघत होता हे मला तेव्हा जाणवलंही नव्हतं.

या वर्षी शनिवारी साडेसहाला दारं उघडली. एक वाडगा चारशे रुपये. लोक आधी रंग बघत होते, मग वाडगा उलटा करून बुडावरची सही वाचत होते. एका आजींनी नऊ वाडगे हाताळले आणि दहावा घेतला, तो माझा, जरा कललेला. मी काही बोललो नाही, पण त्यांच्या मागंमागं भाकरीच्या टेबलापर्यंत गेलो, उगीच.

साडेसातला मोठे देणगीदार आले. बरोबर कॅमेरावाला. जाकीट घातलेले एक गृहस्थ आमच्या एका संयोजकाला म्हणाले, "ते लाभार्थी विद्यार्थी कुठंयत? एका लाइनीत घ्या त्यांना. हातात एकेक वाडगा द्या, छान दिसेल." माणूस वाईट नव्हता. मला तर वाटतं त्यांना खरंच ते छान वाटत होतं. पण रिकामा वाडगा हातात धरून पाच पोरं ओळीत उभी, हे चित्र कशाचं दिसतं? संयोजकांनी माझ्याकडं बघितलं, नजर खाली घातली आणि टेबलावरचा एक वाडगा उचलून माझ्या हातात दिला. जो माणूस वर्षभर आम्हाला 'आशय' आणि 'प्रतीक' शिकवतो, त्याला त्या क्षणी हे प्रतीक दिसलं नाही, किंवा दिसलं आणि तोंड उघडवलं नाही. दुसरं जास्त खरं असावं. मी वाडगा घेतला. नको म्हणायला पाहिजे होतं, मला माहीत आहे. पण ज्याचं खायचं त्याला नको कसं म्हणायचं, ही विद्या अजून आलेली नाही.

तेवढ्यात तुम्ही आलात. कुठून आलात कळलं नाही, तुम्ही तर दाराशी चपलांकडं होता. माझ्या हातातला वाडगा काढून घेतलात आणि त्या हातात ओगराळं ठेवलंत. मेसमधलं, लांब दांड्याचं, कढणानं बरबटलेलं. आणि चढ्या आवाजात, "आरं, तू हितं काय करतुयस? कढण बुडाला लागंल की! चल, ढवळ जा." दुसऱ्याच्या हातात भाकरीची टोपली, तिसऱ्याच्या हातात कोथिंबिरीची ताटली, चौथ्याला पाण्याचा जग, आणि पाचवीला म्हणालात, "बाय, तू लिंबं काप." मग जाकीटवाल्यांकडं वळलात. आवाज एकदम मऊ. "साहेब, ही पोरं वाढपी हायत. तुम्ही या लाइनीत, ही वाढत्यात."

आणि माझा वाडगा त्यांच्या हातात दिलात.

मामा, मी पातेल्यामागं उभा राहिलो आणि माझे हात थरथरत होते. पहिलं ओगराळं अर्धं टेबलावर गेलं. साहेब वाडगा पुढं करून उभे, मी वाढतोय, कॅमेरावाल्यानं तोच फोटो काढला. साहेबांनी कढण पिऊन "वा, अजून थोडं" म्हटलं. मी थोडं वाढलं. पुढचे दोन तास मी वाढतच होतो. लोक येत होते, वाडगा धरत होते, मी भरत होतो. दोनशे माणसांत कुणाला मेस लागते आणि कुणाला नाही हे ओळखायची काही सोय उरली नव्हती.

नऊच्या आधी सगळे वाडगे संपले. चौसष्ट हजार आठशे रुपये. आमच्या मेसला रात्रीचं जेवण जोडायला महिन्याला सोळाशे पडतात. पाच जणांत आठ महिने निघतात. हिशेब चोख आहे, त्याबद्दल कॉलेजचे, वाडगे घेणाऱ्यांचे आणि जाकीटवाल्या साहेबांचेही आभार, त्यांनी नंतर वेगळी देणगीही दिली. पण आठ महिन्यांचं जेवण मागच्या वर्षीच्या पाच महिन्यांपेक्षा हलकं का लागणार आहे, ते मला आणि तुम्हाला माहीत आहे.

आवरताना मी तुमच्याजवळ आलो होतो. मी काही बोलायच्या आत तुम्ही विचारलंत, "लागलं न्हाई ना बुडाला?" मी म्हटलं, नाही. "मग झालं," म्हणालात आणि झाडू घेतलात. मदत कशी करावी यावर आमच्या कॉलेजात व्याख्यानं होतात, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळतं. त्या खुर्च्या लावतं कोण आणि उचलतं कोण?

आणखी एक सांगायचं राहिलं. हाही फोटो गावच्या ग्रुपवर गेला. जायचाच होता. रविवारी रात्री बाबांचा फोन. मी उचलायला घाबरत होतो. म्हणाले, "वाढायला हुतास व्हय तिथं?" मी म्हटलं, हो. "मानसं लई दिसत्यात." हो. थोडा वेळ काहीच नाही. मग, "वाढणाऱ्यानं आधी दोन घास खाऊन घ्यावं, न्हाईतर हात आखडतो. खाल्लं हुतंस का?" खाल्लं होतं, मामा. सगळे गेल्यावर तुम्ही पातेलं खरवडून मला आणि त्या लिंबं कापणारीला दिलं होतंत, ते सांगितलं. तुमच्याबद्दलही सांगितलं, सगळं नाही. त्यांनी तुमचं गाव विचारलं. भोरकडचे, म्हटलं.

ते ओगराळं माझ्या खोलीवर आलंय. त्या रात्री पिशवीत कसं आलं ठाऊक नाही, म्हणजे ठाऊक आहे. मेसच्या काकूंनी दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा "बघतो" म्हणालो. शुक्रवारी दुपारी घेऊन येतो, तुमच्याच हातानं काकूंना देऊ. शिडीवर असलात तर जरा खाली उतरा.

तुमचा,
कललेल्या वाडग्यांवाला