हे शिक्षण सर्व शाखांना हवे

संपादक महाशय,

‘हायब्रिड’ धोके, म्हणजे अफवा, चिथावणी, सायबर हल्ले अशी साधने एकत्र वापरून कुणी ठरवून केलेले छुपे हल्ले, ओळखण्याचे शिक्षण विद्यापीठांनी द्यावे, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सूचना मनापासून पटली. मात्र हा विषय संरक्षणशास्त्र वा संगणक विभागापुरता ठेवणे पटले नाही.

एस्टोनियात २००७ मध्ये एका सोव्हिएतकालीन पुतळ्याच्या स्थलांतरावरून दंगल उसळली आणि लगोलग बँका, वृत्तपत्रे, सरकारी खाती यांच्या संकेतस्थळांवर हल्ले झाले. अफवा, रस्त्यावरचा राग आणि सायबर हल्ला एकाच वेळी अंगावर आले.

आपल्या जत तालुक्यात, लवंगा येथे, सप्टेंबर २०२२ मध्ये चार साधूंना मुले पळवणारे समजून मारहाण झाली. त्यामागे परकीय हात होता असे मी म्हणत नाही. पण हीच भीती उद्या कुणी ठरवून पेटवू शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा रॅन्समवेअरमुळे, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रणालीमुळे, कोलमडली आणि कामकाज हाताने करावे लागले. अशा वेळी समोर असतात ते शिक्षक, परिचारिका, बँकेतील कारकून, ग्रामसेवक. संगणकतज्ज्ञ पोहोचतो तो नंतर.

शिवाजी विद्यापीठाने कला आणि वाणिज्य शाखांच्या पहिल्या वर्षालाच हा विषय ठेवावा, तोही प्रात्यक्षिकासह: फोनवर आलेला व्हिडिओ मूळ कुठला, केव्हाचा, हे मुलांनी स्वतः शोधून काढावे. त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही.

– एक निवृत्त प्राध्यापक, सांगली