तीन दिवसांचे शुल्क, एका दिवसाचे तिकीट

नाशिक,
दि. २५ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (परदेश सहली)

विषय : केनिया ‘बजेट सफारी’ (६ ते ११ नोव्हेंबर २०२४). मसाई मारा अभयारण्याचे प्रवेश शुल्क घेऊनही प्रवेश न दिल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी.

महोदय,

मी, माझी पत्नी आणि नववीत शिकणारी आमची मुलगी असे तिघे दिवाळीच्या सुट्टीत आपल्याबरोबर केनियाला जाऊन आलो. परतल्यावर आपल्या कार्यालयात दोनदा फोन केला आणि एकदा व्हॉट्सअॅपवर सविस्तर लिहिले. त्यावर “चालकाने गैरसमज करून दिला, आम्ही त्याच्याशी बोलतो” एवढेच एका ओळीचे उत्तर आले. त्या ओळीमुळेच हे पत्र लिहावे लागते आहे. गैरसमज कोणाचाही झालेला नाही. हिशेब चुकला आहे, आणि तो नाशिक-मुंबईत चुकला आहे, केनियात नाही.

आधी कशाबद्दल तक्रार नाही ते सांगतो, म्हणजे “बजेट सहलीत एवढे चालायचेच” हे उत्तर पुन्हा द्यावे लागणार नाही. आम्ही स्वस्त सहल स्वस्त म्हणूनच घेतली होती. तंबू कळकट होता, चालला. जनरेटर रात्री दहाला बंद व्हायचा, तेही चालले. उलट दिवे गेल्यावर तरसांचे ओरडणे जास्त स्पष्ट ऐकू यायचे आणि बाहेर भाला घेऊन फिरणाऱ्या मसाई अस्करीच्या, म्हणजे पहारेकऱ्याच्या, पावलांचा आवाज आला की मुलगी निर्धास्त झोपायची. जाहिरातीत ‘महाराष्ट्रीय जेवण’ लिहिले होते आणि ताटात कोबी, उगाली आणि चपाती आली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आमच्या आईला आवडली असती. चपातीला तिकडेही चपातीच म्हणतात, त्यामुळे त्या एका शब्दापुरते जेवण महाराष्ट्रीय होते असे आम्ही मान्य करून टाकले.

आता मूळ मुद्दा.

आपल्या १२ मे २०२४ च्या अंदाजपत्रकात ‘मसाई मारा प्रवेश शुल्क, ३ दिवस × २०० डॉलर, प्रत्येकी ६०० डॉलर, ३ व्यक्ती’ अशी स्वतंत्र ओळ आहे. म्हणजे तिघांचे १,८०० डॉलर. ही रक्कम आम्ही ऑगस्टमध्ये पूर्ण भरली. दर बरोबर आहे, हे मी तपासले आहे. मसाई मारा ज्या जिल्ह्यात येते त्या नारोक काउंटीच्या सरकारने परदेशी प्रौढांसाठी जानेवारी ते जूनपर्यंत दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरपर्यंत २०० डॉलर ठेवले आहेत. आम्ही नोव्हेंबरात गेलो, तेव्हा २०० डॉलर याबद्दल वाद नाही.

वाद असा आहे की ते तिकीट बारा तासांचे असते, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. पूर्वी ते चोवीस तास चालायचे. आपल्या विक्री विभागाने बहुधा जुना कागद समोर ठेवून कार्यक्रम आखला आणि नवा दर तेवढा उचलला. आमचा तळ सेकेनानी फाटकाच्या बाहेर होता, कारण स्वस्त तळ फाटकाबाहेरच असतात. बाहेर राहणाऱ्याला आत जायचे तर रोज नवे तिकीट. स्वस्त सफारीत खरी बचत तंबूत किंवा ताटात होतच नाही, ती फाटकावर होते. विमानानंतर सगळ्यात मोठा खर्च तोच. मी सहकारी बँकेत अंतर्गत लेखापरीक्षण करतो. मोठ्या ओळी सोडून लहान ओळी तपासण्याची सवय मला नाही, आणि ही ओळ सगळ्यात मोठी होती.

प्रत्यक्षात काय झाले ते तारखेवार लिहितो. ८ नोव्हेंबरला नाकुरूहून निघून आम्ही साडेचारच्या सुमारास तळावर पोहोचलो. कार्यक्रमपत्रिकेत ‘सायंकाळची गेम ड्राइव्ह’, म्हणजे गाडीतून प्राणी पाहण्याची फेरी, होती. ती झाली, पण अभयारण्यात नाही. फाटकाबाहेरच्या कच्च्या रस्त्यांवर दीड तास गाडी फिरली. थॉम्सन्स गॅझेल दिसली, चारदोन झेब्रे दिसले आणि मसाई गुराख्यांच्या गायी भरपूर दिसल्या. झेब्र्यांना तिकीट लागत नाही, ते फाटकाच्या दोन्ही बाजूंना चरतात. आम्हाला वाटले, उद्याची ही नांदी आहे. म्हणून कोणी काही बोलले नाही.

९ तारखेला आम्ही खरोखर आत गेलो. त्या एका दिवसाबद्दल मी आपला आभारी आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. वारुळावर चढून टेहळणी करणारे ‘टोपी’ नावाचे हरीण मी आधी फक्त वाहिनीवर पाहिले होते. सकाळी आठच्या आत दोन चित्ते एकाच वारुळावर शेजारी शेजारी बसलेले दिसले. मुलीने फोटो काढायचे सोडून दुर्बीण लावली आणि वीस मिनिटे ती खाली ठेवली नाही. दुपारी एका झाडाखाली बिबट्या असल्याची बातमी बिनतारी यंत्रावर आली, आणि आम्ही पोहोचेपर्यंत तिथे वीसच्या वर गाड्या जमल्या होत्या. एका प्राण्याभोवती पाचच गाड्यांनी थांबायचे, असा तिथला नियम आहे. आमच्या चालकाने गाडी लांब उभी केली आणि आपली पाळी येईपर्यंत थांबला. गाडीतल्या एकाने “घाल ना मध्ये, सगळे घालतात” म्हटले, तरी त्याने रस्ता सोडला नाही. बिबट्याची शेपटी तेवढी दिसली. मला त्याचे वाईट वाटले नाही. हा तोच चालक, ज्याने ‘गैरसमज करून दिला’ असे आपण लिहिता.

त्या दिवसाचेही दोन तास वाया गेले, आणि त्याचा संबंध आपल्या अंदाजपत्रकाशी आहे. तिथे ‘फोर बाय फोर लँड क्रूझर’ लिहिले होते, आली छत उचलणारी साधी व्हॅन. दुपारी पाऊस झाला. तिकडे नोव्हेंबर हा छोट्या पावसाचा महिना. माराची जमीन म्हणजे आपल्या निफाडकडची काळी माती, तसूभर फरक नाही. ओली झाली की ट्रॅक्टरसुद्धा फसतो, तिथे व्हॅनचे काय. दुसऱ्या गाडीने दोर लावून ओढून काढेपर्यंत आम्ही आतच बसून होतो, कारण उघड्यावर उतरायला परवानगी नाही. बारा तासांच्या तिकिटातले दोन तास म्हणजे शुल्काचा सहावा भाग. तो मी मागत नाही. नोंद मात्र करतो.

१० तारीख. पत्रिकेत लिहिले होते ‘पहाटे अंतिम गेम ड्राइव्ह, त्यानंतर न्याहारी व नैरोबीकडे प्रयाण’. सव्वासहाला आम्ही सातही जण गाडीत बसलो. सेकेनानी फाटकावर रेंजरने चालकाचा फोन पाहिला आणि मान हलवली. आदल्या दिवशीचे तिकीट संध्याकाळी सहालाच संपले होते, नवे कोणी काढलेच नव्हते. चालकाने आपल्या तिथल्या भागीदार कंपनीला फोन लावला. त्यांनी सांगितले की भारतातून एकाच दिवसाचे पैसे आले आहेत. मग मी आपल्या ‘२४ तास मदतवाहिनी’ला फोन लावला. आपल्याकडे तेव्हा नऊ वाजले होते, पण रविवार होता. बारा वेळा घंटा वाजली. सहलीच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिले, तर दहाव्या मिनिटाला गट ‘फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात’ असा झाला. म्हणजे संदेश कोणीतरी वाचत होते.

फाटकावरच पैसे भरून आत जाता आले असते. आमच्या तिघांचे ४५० डॉलर मी द्यायला तयार होतो. पण गाडीतल्या इतर चौघांनी, अगदी रास्तपणे, एकदा दिलेले पैसे पुन्हा का द्यायचे असे विचारले, आणि एक व्हॅन अर्धी आत, अर्धी बाहेर राहू शकत नाही. पावणेदोन तास फाटकावर उभे राहून आम्ही मागे फिरलो. चालक परतीच्या वाटेवर तीनदा “सॉरी” म्हणाला. त्याने म्हणायचे कारण नव्हते.

आता आकडा. वर मी ४५० म्हटले, १,८०० चा तिसरा हिस्सा ६०० म्हटले नाही, याकडे लक्ष द्यावे. नऊ ते सतरा वयाच्या मुलांना २०० नव्हे, ५० डॉलर शुल्क आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिचा पासपोर्ट मे महिन्यापासून आपल्याकडे होता. म्हणजे आमच्यासाठी फाटकावर प्रत्यक्ष भरले गेले ते दोन प्रौढांचे ४०० आणि तिचे ५०, एका दिवसाचे. घेतले १,८००, भरले ४५०, उरले १,३५०. डॉलरमागे ८४ रुपये धरले तरी १,१३,४०० रुपये होतात. ही रक्कम मला हवी आहे. ‘पुढच्या सहलीत सवलत’ नको.

याशिवाय काही किरकोळ गोष्टी आहेत. त्यांचे पैसे मी मागत नाही, पण पुढच्या गटासाठी त्या सुधाराव्यात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला आणि त्याऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची पूर्वपरवानगी, सुरू केला. आपल्या पावतीवर अजूनही ‘व्हिसा शुल्क’ आहे आणि तेही जुन्या दराने. माहितीपत्रकात नाकुरू तळ्याच्या पानावर गुलाबी रोहित पक्ष्यांचा गालिचा छापला आहे. तळ्याचे पाणी गेली दहाबारा वर्षे चढत गेले, खारेपणा पातळ झाला, रोहित पक्षी खातात ते शेवाळ कमी झाले आणि बहुतेक पक्षी दुसऱ्या तळ्यांकडे गेले. आम्हाला गेंडे दिसले, तेवढ्यावर आम्ही खूश होतो, पण तो फोटो काढून टाका. ‘ग्रेट मायग्रेशन हमखास’ हेही नोव्हेंबरच्या सहलीवर छापू नका. स्थलांतर करणारे विल्डबीस्टचे कळप तोवर टांझानियातल्या सेरेंगेटीकडे वळलेले असतात, त्यांचा वेळापत्रकाचा कागद आपल्याकडे नसावा.

निघताना आपण प्रत्येकाला चिवडा-चकलीची भेट प्लास्टिकच्या पिशवीतून दिली. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. नैरोबी विमानतळावर चिवडा टोपीत ओतून घेण्याची वेळ आली.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. पीतज्वराच्या लसीचा निरोप आपण ३० ऑक्टोबरला, म्हणजे निघण्याच्या सात दिवस आधी, दिलात. लसीचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. आम्ही भाच्याच्या सांगण्यावरून सप्टेंबरमध्येच मुंबईला जाऊन लस घेतली होती. आमच्या गटातल्या कोल्हापूरच्या जोडप्याने घेतली नव्हती, परतताना विलगीकरणात राहण्याच्या भीतीने त्यांनी सहल रद्द केली, आणि त्यांचे पैसे आपण परत केले नाहीत असे ऐकतो. त्यांची बाजू ते मांडतील. मला एवढेच जाणवले की ‘प्रत्येकाला खिडकीची जागा’ हे आपले एकमेव पूर्ण झालेले वचन त्या दोन रिकाम्या जागांमुळे पूर्ण झाले.

तसेच, आमच्याकडून घेतलेला पाच टक्के टीसीएस (सहलीच्या रकमेवर आपण आधीच वसूल केलेला कर) माझ्या २६एएस या आयकर विवरणात अद्याप दिसत नाही. कोणत्या तारखेला भरला, ते कळवावे आणि प्रमाणपत्र पाठवावे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत १,१३,४०० रुपये माझ्या खात्यात जमा करावेत. न केल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली नाशिक जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथेबद्दल अर्ज करीन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, त्यामुळे मला त्यासाठी सुट्टीही फार काढावी लागणार नाही.

शेवटचे, चालकाबद्दल. आपण ‘त्याच्याशी बोलतो’ असे लिहिले आहे. कृपया बोलू नका. त्याचे काम, बक्षिसी किंवा पुढच्या फेऱ्या यांवर या पत्राचा परिणाम झाला तर ती दुसरी तक्रार होईल. माझ्या या पत्राची प्रत त्याच्या कंपनीलाही जावी, म्हणून त्यांचा ईमेल पत्ता मला कळवावा.

सोबत अंदाजपत्रक, पैसे भरल्याच्या बँक नोंदी, ९ नोव्हेंबरच्या तिकिटाचा फोटो, १० नोव्हेंबरच्या फोनची नोंद आणि व्हॉट्सअॅप गटाचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.

आपला,
(बुकिंगवरील प्रथम प्रवासी)